शनिवार चुकवायचा नाही

गुरुवार तर बुडालाच होता. बुधवारी दुपारी जो बुरान, माळावरचा बर्फाचा झंझावात, सुटला, तो शुक्रवारी रात्र झाली तरी थांबायचं नाव घेईना. कझाख माळावरच्या काराओय गावातल्या बसक्या घरांच्या खिडक्या अर्ध्याहून वर बर्फात गेल्या. गायींना पाणी पाजायला जायचं तर लोक गोठ्याच्या दारापर्यंत दोरी धरून जात होते. कामशात खुर्चीत बसूनच झोपत होती, कारण आडवं झालं की छातीवर कोणीतरी पोतं टाकल्यासारखा जीव कोंडायचा. खुर्चीत बसल्या बसल्या ती वाऱ्याचा आवाज ऐकायची आणि मनाशी म्हणायची, गुरुवार नेलास तो नेलास, शनिवार मी तुला देणार नाही.

तिच्या आठवड्यात तीनच वार मोजायचे होते : मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. किडन्यांनी काम सोडल्यापासून त्या तीन दिवशी तोल्याच्या गाडीने शहरात जायचं, तिथल्या मशीनला हात द्यायचा, मशीनने रक्त बाहेर काढून धुऊन परत आत सोडायचं आणि अंधार पडता पडता घरी यायचं. बाकीच्या वारांना नावं असली काय आणि नसली काय, तिला सारखंच.

त्याआधी तीस वर्षं तिने गावच्या शाळेत मुलांना कवायत आणि व्हॉलीबॉल शिकवला होता. तिची शिट्टी गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची म्हणत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पश्चिमेकडे तेलाच्या विहिरींवर नोकरीला होता. तो दर महिन्याला फोन करून म्हणायचा, "आई, शहरात खोली घे, मी भाडं भरतो." ती म्हणायची, "उन्हाळ्यात बघू." असे तीन उन्हाळे गेले होते.

शनिवारी सकाळी वारा पडला. पूर्ण नव्हे, पण अंगणातला खांब दिसायला लागला इतपत. कामशातने ताबडतोब तोल्याला फोन लावला.

तोल्या युक्रेनी बापाचा मुलगा, पण जन्मला काराओयमध्येच. कझाख बोलायला लागला की नवख्याला कळायचं नाही हा परका म्हणून. जिल्ह्याने पेशंट ने-आण करायला दिलेली पावाच्या लादीसारखी जुनी गाडी तो चालवायचा आणि तिला बायकोपेक्षा जास्त जपायचा.

"आपा, रस्ता बंद आहे," तो म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतायत."

"सगळे जाऊन बघून आले का?"

पलीकडून तोल्याच्या हसण्याचा आवाज आला. मग तो गंभीर झाला. "तुमची तब्येत कशीय? खरं सांगा."

"तोंडात लोखंड चघळल्यासारखी चव आहे. पाय खांबासारखे झालेत. आणखी काही ऐकायचंय?"

"गाडी तापवायला घेतो," तोल्या म्हणाला.

गाडीत पूर्वी पेशंट तीन असायचे. तिसरी बिगायशा, गावच्या मेकॅनिकची बायको, हसरी, लठ्ठ, सगळ्या रस्त्याने गाणी म्हणणारी. मागच्या हिवाळ्यात अशाच एका वादळात ती म्हणाली होती, "एक खेप चुकली म्हणून काय होतंय? सोमवारी पाहुणे यायचेत, मंगळवारी जाईन." तो मंगळवार तिला दिसला नाही. तेव्हापासून तिच्या जागेवर कोणी बसत नव्हतं. तोल्या तिथे जादा डिझेलचा डबा ठेवायचा.

दुसरा पेशंट काबदोश. सत्तरीचा, पूर्वी कापणीचं यंत्र चालवणारा, तोंडाने फटकळ आणि हट्टी. कामशात त्याच्या घरी पोचली तेव्हा त्याची सून झाउरे दारातला बर्फ फावड्याने उडवत होती. तिने नुसती मान हलवली. डोळे रडून सुजले होते.

"उठत नाहीत," ती हळूच म्हणाली. "कालपासून भिंतीकडे तोंड करून पडलेत."

आतून आवाज आला, "सूनबाई, तिला सांग मी झोपलोय!"

"झोपलेला माणूस असा ओरडतो होय?" कामशात बूट न काढताच आत गेली. "काबदोशआगा, उठा. गाडी तापतेय."

"मी येणार नाही."

"का?"

"का म्हणजे? त्या माळावर गाडीत गोठून मरायचं, त्यापेक्षा इथे आपल्या गादीवर मरेन. निदान गावच्या लोकांना खांदा द्यायला सोपं जाईल."

"जमीन इतकी गोठलीय की तुमची कबर खणायला पोरांना दोन दिवस लागतील. तेवढा तरी विचार करा."

काबदोशच्या पाठीला जरासा हिसका बसला. हसला की काय कोण जाणे. पण तोंड भिंतीकडेच राहिलं.

कामशातने अंगातला जाड कोट काढला, खुर्ची ओढली आणि बसली. "ठीक आहे. मग मीही जात नाही. एकट्या बाईसाठी तोल्याने एवढी जोखीम का घ्यावी? झाउरे, माझ्या मुलाचा नंबर भिंतीवर लिहून ठेव. कळवायला लागेल."

झाउरे खरंच पेन्सिल शोधायला लागली. मग काबदोशने हळूहळू मान वळवली. चेहरा सुजून पिवळा झाला होता.

"ही जबरदस्ती आहे," तो म्हणाला.

"आहेच."

"तू शाळेतही अशीच होतीस. माझा पोरगा घरी येऊन रडायचा."

"तुमच्या पोराला पळता येत नव्हतं. आता येतं. उठा."

झाउरेने त्याला लोकरीचे कपडे एकावर एक चढवले आणि तोल्याने त्याला उचलूनच गाडीत ठेवला. शिव्या देत देत तो बसला.

गाव संपतं तिथे मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी लाल-पांढरा आडवा दांडा टाकलेला होता आणि बाजूच्या टपरीत एक तरुण पोलीस शेगडीला पाठ देऊन उभा होता. गाडी बघून तो हात हलवत बाहेर आला.

"मागे घ्या! बंद आहे!"

कामशात खाली उतरली. थंडीने नाकातले केस जागच्या जागी कडक झाले. "मुला, आम्ही डायलिसिसवाले. गुरुवारची खेप बुडालीय."

"आपा, मला कळतं. पण सोडता येणार नाही. मागच्या वर्षी मी माझ्या हातांनी दोन माणसांना गाडीतून बाहेर काढलंय. बसल्या जागी गोठली होती. एकाच्या हातात फोन होता." तो दांड्याला धरून उभा राहिला.

कामशात भांडायची तयारी करून उतरली होती. ती थांबली. पोरगा खोटं बोलत नव्हता आणि त्याचं चुकतही नव्हतं.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "एकटं नाही जाणार आम्ही. बर्फ काढायचं यंत्र कधी निघतंय?"

"निघेल आता. पण ते जिल्ह्याच्या हद्दीपर्यंतच जातं. आणि त्याच्यामागे गाड्या सोडायचा हुकूम नाहीय."

"हुकूम कोण देतं?"

"आपत्ती कचेरी."

"लाव फोन."

पोलिसाने तिच्याकडे पाहिलं, मग गाडीच्या काचेतून आत काबदोशकडे पाहिलं आणि फोन लावला. पलीकडच्या साहेबाने काय विचारलं ते त्याच्या उत्तरांवरून कळत होतं. "हो साहेब, दोन. एक बाई, एक म्हातारे. नाही, बेशुद्ध नाहीत. चालतायत. हो, बोलतायतही, बाई तर बऱ्याच बोलतायत."

कामशातने त्याच्या हातून फोन घेतला. "साहेब, चालतोय म्हणून तर इथवर आलोय. तुम्हाला आडवेच पेशंट हवे असतील तर उद्या सकाळपर्यंत थांबा. तेही मिळतील."

पलीकडे कोणाला तरी यंत्र निघालं का ते विचारल्याचं ऐकू आलं. मग साहेब म्हणाला, "यंत्राच्या मागे, दिवे लावून, अंतर सोडायचं नाही. हद्दीपर्यंत. त्यापुढचं माझ्या हातात नाही."

"त्यापुढचं मी बघते," कामशात म्हणाली.

यंत्र आलं ते घरंगळत येणाऱ्या डोंगरासारखं. समोरच्या पात्याने बर्फ उचलून बाजूला फेकत ते पुढे निघालं आणि तोल्याने गाडी त्याच्या शेपटीला लावली. दोन्ही बाजूंना काहीच नव्हतं. आभाळ आणि माळ यांच्यातली रेघ पुसून गेली होती. दिसत होता तो फक्त यंत्रामागचा लाल दिवा. कधी तो फिका व्हायचा, कधी नाहीसाच व्हायचा, आणि मग तोल्या श्वास रोखून स्टीअरिंगवर पुढे वाकायचा.

काबदोश गप्प होता. ही काही त्याची रीत नव्हती. एरवी तो रस्ताभर सरकारला, सुनेला, तोल्याच्या गाडीला आणि व्हॉलीबॉल या खेळाला नावं ठेवायचा.

"बोला काहीतरी," कामशात म्हणाली.

"काय बोलू? पाय जड झालेत. माझे नाहीत असे वाटतात."

"कधीपासून?"

"सकाळपासून." तो जरा थांबला. "कामशात, तुला एक सांगू? ओरडू नको."

"सांगा आधी."

"काल मी चहा प्यालो. तीन वाट्या. चार असतील. आणि जर्दाळू खाल्ले. सुके."

कामशातचे हात मांडीवर तसेच राहिले. चहाचं एक वेळ समजण्यासारखं होतं. ज्या घरात दिवस चहाने उगवतो आणि चहानेच मावळतो, तिथे दिवसाला दोन पेल्यांवर आयुष्य काढायचं म्हणजे काय, ते तिलाही ठाऊक होतं. पण जर्दाळू! डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी हातात जर्दाळू धरून दाखवला होता. किडनी नसलेल्या माणसाने सुके जर्दाळू खाल्ले तर त्यातला क्षार रक्तात साचतो. आधी पाय लुळे पडतात, मग हृदय बंद.

"किती खाल्ले?"

"मूठभर."

"कोणाची मूठ? झाउरेच्या पोरीची की तुमची?"

"माझी," काबदोश म्हणाला. "शेवटचंच म्हणून खाल्ले. नाहीतरी वादळ थांबणार नव्हतं. म्हटलं, गोड तोंडाने जावं."

तिने ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. हातमोजा ओढून काढला, त्याची बाही वर सारली आणि मनगटावर बोटं ठेवली. हजारो मुलांची नाडी तिने मैदानावर मोजली होती. ही नाडी सावकाश चालत होती, मध्येच एक ठोका गाळत होती, आणि मग अडखळून दुसऱ्या पायावर उभी राहिल्यासारखी पुन्हा सुरू होत होती.

"तोल्या," ती म्हणाली, "जोरात घेता येईल का?"

"आपा, पुढे यंत्र आहे. त्याच्या डोक्यावरून घेऊ?"

"नको. घे तशीच."

ती काबदोशच्या मनगटावर बोटं ठेवूनच बसली. "माझ्याशी बोलत राहायचं," ती म्हणाली. "बायको कशी मिळाली ते सांगा."

"तुला माहितेय."

"माहितेय. तरी सांगा."

तो सांगू लागला. कापणीच्या हंगामात स्वयंपाकाच्या गाडीवर आलेली मुलगी, तिने सगळ्यांदेखत त्याच्या ताटात मुद्दाम हाड वाढलं होतं. शब्द तुटत होते, पण येत होते.

जिल्ह्याच्या हद्दीवर यंत्र थांबलं. त्याचा ड्रायव्हर खाली उतरून आला, भुवयांवर बर्फाचे गोळे. "माझं इथे संपलं. पलीकडच्यांचं यंत्र बिघडलंय म्हणे. संध्याकाळपर्यंत येणार नाही. पुढे माणसाच्या उंचीचा बर्फ आहे. माझ्यामागून परत फिरा."

तोल्याने कामशातकडे पाहिलं. परत फिरणं म्हणजे काय, हे गाडीतल्या तिघांनाही ठाऊक होतं.

"ते घर कोणाचं?" कामशातने विचारलं. उजव्या हाताला बर्फाच्या धुरात एक पिवळी भिंत आणि चिमणीतून निघणारा धूर दिसत होता.

"रेल्वेचं. गाड्या एकमेकींना वाट देतात तिथे. ड्युटीवर एक बाई असते."

"रेल्वे चालू आहे?"

ड्रायव्हरने खांदे उडवले. "रेल्वे कधी बंद असते?"

जाण्याआधी त्याने यंत्राच्या पात्याने त्या पिवळ्या घराच्या दारापर्यंत वाट काढून दिली. तेवढं त्याच्या हुकमात नव्हतं, पण त्याने केलं.

ड्युटीवरची बाई चाळिशीची, रुंद खांद्यांची. नाव उलबोसिन. लागोपाठ मुली झाल्या म्हणून 'आता मुलगा होऊ दे' असं नाव बापाने तिला ठेवलं होतं. तिने दार उघडून तीन माणसं पाहिली आणि काही न विचारता आत ओढून घेतली. काबदोशला शेगडीजवळच्या गाद्यांवर टेकवलं. बघता बघता बुटकं टेबल मांडलं, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची परात आली, मांसाचं वाफाळतं पाणी आलं आणि दुधाच्या चहाने भरलेल्या वाट्या.

तोल्याने आनंदाने वाटी उचलली. कामशातने दोन वाट्या हळूच मागे सरकवल्या.

"हे काय?" उलबोसिनचा चेहरा उतरला. "माझ्या घरात आलेलं माणूस चहा न घेता बसणार?"

"ताई, आम्हाला चालत नाही. किडन्या गेल्यात. मांसाचं पाणी तर विषच."

"मग निदान घोटभर! अशा थंडीतून आलेलं माणूस..."

काबदोशचा हात टेबलाकडे सरकत होता. कामशातने तो अलगद उचलून त्याच्याच मांडीवर ठेवला. "याच घोटाने हे असे पडलेत," ती म्हणाली. "यांना आज शहरात मशीनवर घातलं नाही तर हे उद्या नाहीत. रस्ता बंद आहे. तुमच्या रुळांवरून काय जातंय?"

उलबोसिनने काबदोशच्या ओठांकडे पाहिलं. निळे पडले होते. ती बाहेर गेली, छपराच्या कडेचा एक बर्फाचा सुळा मोडून आणला, त्याचा बारीक तुकडा त्याच्या जिभेवर ठेवला. "हे चालेल?"

"तेवढं चालेल," कामशात म्हणाली.

"बर्फ साफ करणारं इंजिन येतंय," उलबोसिन म्हणाली. "शहरात जातंय. पण ते थांबत नाही. मागे मालगाड्या तुंबल्यात. इंजिनात बाहेरच्या माणसाला घेणं तर नियमातच नाही."

"विचारून बघा."

उलबोसिनने भिंतीवरचा फोन उचलला. कंट्रोलरचा आवाज एवढा मोठा होता की सगळ्यांना ऐकू येत होता. "तुझं डोकं फिरलंय का? इंजिन थांबवायचं? मागे सात गाड्या उभ्यात! नाही. नाही म्हणजे नाही."

उलबोसिनने फोनवर हात ठेवला. खिडकीतून बाहेर पाहिलं. रूळ जिथे दुभागतात त्या सांध्यावर वारा बर्फ आणून भरत होता. ती दिवसभर दर थोड्या वेळाने जाऊन झाडूने तो सांधा मोकळा करत होती. दारामागचा झाडू अजून ओला होता.

ती फोनमध्ये अगदी शांतपणे बोलली. "साहेब, एक अडचण सांगायची राहिली. माझ्या घरात पेशंट आहे. मी त्याच्यापाशी बसलेय. सांधा झाडायला जाता येत नाहीय. दहा मिनिटांत भरेल तो. मग इंजिनालाच थांबून साफ करावा लागेल."

मग कंट्रोलर म्हणाला, "उलबोसिन."

"जी साहेब."

"दोन माणसं. तिसरा नाही. आणि तू आत्ताच्या आत्ता जाऊन सांधा झाड."

"झाडतेच," उलबोसिनने फोन ठेवला आणि झाडू उचलला. कामशातने तिचा हात धरला. उलबोसिन म्हणाली, "बघताय काय? त्यांचे कान झाका. बाहेर उभं राहावं लागेल."

इंजिन आलं ते पांढऱ्या धुराळ्याचा पंखा उडवत. आधी आवाज आला, मग दिवा. उलबोसिन लाल झेंडा घेऊन रुळाशेजारी उभी राहिली. इंजिन किंचाळत थांबलं आणि वरून एका ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "लवकर! लवकर!"

शिडी सरळ उभी होती. तिच्या पायऱ्या म्हणजे बर्फाने गुळगुळीत झालेल्या लोखंडी कांबी. काबदोशने पहिल्या कांबीवर पाय ठेवला आणि पाय घसरून लोंबला. पायात जीवच नव्हता. तोल्याने त्याला कमरेला धरून वर ढकललं, ड्रायव्हरने वरून हात दिला, तरी तो मध्येच अडकला.

"सोडा मला," तो कण्हत म्हणाला. "कामशात, तू जा. मला जमत नाही."

कामशातला स्वतःलाच श्वास पुरत नव्हता. छातीत पाणी भरलं होतं. तिने जेवढी हवा मिळाली तेवढी आत घेतली आणि ओरडली, "उजवा पाय! वर!"

"मी काय शाळेत आहे?"

"आत्ता आहात! उजवा! हां. डावा! डावा म्हटलं मी!"

तोल्या त्याचा पाय हाताने उचलून कांबीवर ठेवत होता आणि ती हुकूम सोडत होती. उजवा, डावा, उजवा. शेवटी ड्रायव्हरने त्याला कोटाच्या गळपट्टीला धरून आत खेचला. कामशात त्याच्यामागून चढली. शेवटच्या कांबीवर तिच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचले, पण हात तिने सोडला नाही.

"रस्ता उघडला की येतो मी!" खालून तोल्या ओरडला. उलबोसिनने हिरवा झेंडा दाखवला.

इंजिनाच्या खोपटात ऊब होती, डिझेलचा वास होता. कामशात काबदोशचं डोकं मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. बोटं पुन्हा त्याच्या मनगटावर. नाडी आता दोन ठोके गाळत होती. तरुण ड्रायव्हरने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, रेडिओ उचलला आणि स्टेशनला अँब्युलन्स उभी ठेवायला सांगितलं. मग आपल्या जोडीदाराला म्हणाला, "वेग वाढव." समोर पात्यावरून बर्फ दोन्ही बाजूंनी उसळत होता आणि सगळं इंजिन थरथरत होतं.

"कामशात," काबदोश डोळे मिटूनच म्हणाला.

"हं."

"माझ्या पश्चात सुनेला त्रास देऊ नको. गरीब आहे."

"तुमच्या पश्चात काय करायचं ते माझं मी ठरवीन. तुम्हाला बघायचं असेल तर जिवंत राहा."

अँब्युलन्स फलाटावरच आली होती. काबदोशच्या छातीला तारा लावल्या, डॉक्टरने कागदावरच्या रेघा पाहून भुवया वर केल्या आणि ताबडतोब शिरेत औषध सोडलं. शहरातले रस्तेही अर्धे तुंबलेले होते. गाडी फुटपाथवरून, बागेतून, कशीही वाट काढत गेली. कामशात पुढच्या सीटवर बसून प्रत्येक वळणाला पाय दाबत होती, जणू ब्रेक तिच्याच पायाखाली होता.

डायलिसिसच्या हॉलमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आयगानिम नर्स दोन दिवस घरी गेली नव्हती. बदलीवर येणारी वादळात अडकली होती. एका खुर्चीवर ती पाय वर घेऊन डुलक्या घेत होती. दारात कामशातला बघून ती ताडकन उठली.

"तुम्ही? काराओयहून? कशा आलात?"

"ते मग सांगते. आधी यांना घे. जर्दाळू खाल्लेत."

आयगानिमने एक शब्द विचारला नाही. काबदोशच्या हातात सुया गेल्या, नळ्या लाल झाल्या, मशीन फिरू लागलं. त्यानंतरच कामशातने आपला कोट काढला. वजनकाट्याने दाखवलेला आकडा आयगानिमने दोनदा पाहिला.

"इतकं पाणी एका वेळी काढता येणार नाही," ती म्हणाली. "आज थोडं, उद्या सकाळी पुन्हा. दोघांनाही इथेच राहावं लागेल."

"राहू. कुठे जायचंय?"

सुया टोचताना दर वेळी दुखायचं, आजही दुखलं. कामशातने डोकं मागे टेकलं. पहिल्या तासात छातीवरचं पोतं जरा हललं. दुसऱ्या तासात तिला आडवं होता आलं. कित्येक दिवसांनी आडवी झालेली ती, काबदोशकडे बघत राहिली. छतावरच्या दिव्याखाली त्याचं तोंड उघडं होतं आणि तो घोरत होता. त्याच्या उशाशी लावलेल्या पडद्यावरच्या रेघेतले ठोके आता एकापाठोपाठ एक, न चुकता येत होते. बिगायशाच्या वेळी असं कोणी तिला ओढून आणायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते तिने पुसलं नाही. एक हात सुयांनी बांधलेला होता, दुसरा उचलायचं त्राण नव्हतं.

रविवारी सकाळी दुसऱ्या खेपेनंतर काबदोशला त्याच्या सुनेचा फोन आला. झाउरेचं बोलणं फोनच्या बाहेर ऐकू येत होतं. जर्दाळूंची रिकामी पिशवी तिला गादीखाली सापडली होती. ती रडत होती आणि सासऱ्याला फडाफडा बोलत होती, जे तिने लग्न होऊन आल्यापासून कधी केलं नव्हतं. काबदोश "हो" आणि "बरं" एवढंच म्हणत होता. फोन ठेवून त्याने तोंड खिडकीकडे वळवलं.

"मला वाटायचं, मी गेलो तर तिची सुटका होईल," तो म्हणाला. "आठवड्याचे तीन दिवस माझ्यासाठी पहाटे उठते. दोन पोरं, गोठा, आणि वर मी."

"आणि आता काय वाटतं?"

"आता वाटतं, परत गेलो की ती मला मारणार."

"मारू दे. बरं होईल," कामशात म्हणाली, आणि दोघेही हसले. काबदोशला हसता हसता खोकला आला.

दुपारी तोल्या आला. उलबोसिनने त्याला रात्रभर ठेवून घेतलं होतं. सकाळी पलीकडच्या जिल्ह्याचं यंत्र दुरुस्त होऊन आलं होतं. तिघे जिन्याच्या पायऱ्या उतरायला लागले. कामशातच्या पायांची सूज एवढी उतरली होती की लोकरीचे मोजे घसरून टाचेखाली गोळा होत होते. ती दर चार पायऱ्यांनी थांबून ते ओढत होती. तोल्याने काबदोशला हात दिला, तर त्याने तो झिडकारला.

"मंगळवारचा अंदाज काय म्हणतात?" कामशातने तोल्याला विचारलं.

"पुन्हा वारा. उद्या, सोमवारी रात्रीपासून."

कामशातने मोजा वर ओढला आणि सरळ उभी राहिली. मुलाला फोन करायचा तिने तिथेच ठरवलं. शहरात खोली घ्यायची, पण दोन पलंगांची, आणि उन्हाळ्यात नव्हे, या आठवड्यातच. थंडी संपेपर्यंत दोघांनाही इथेच राहायला लागेल. काबदोश ऐकणार नाही, तमाशा करेल, झाउरेला मध्ये घालावं लागेल.

"मग आपण सोमवारी दुपारीच गावाहून निघू," ती म्हणाली. "वाऱ्याच्या आधी."

काबदोश दोन पायऱ्या खाली पोचला होता. तो थांबला, वळून वर पाहिलं.

"दुपारी म्हणजे किती वाजता?" त्याने विचारलं. "सुनेला सांगायला पाहिजे."